सात अळकुड्या

तू बोललास ते पेनिआमिनाशी,
माझ्याशी नव्हे.
मी तेव्हा ओढ्याकाठी अळू धूत होते,
गुडघ्यापर्यंत चिखल,
आणि तो धावत आला, ओलाचिंब, हसत,
म्हणाला, हाक आली.
मी विचारलं, कुठून?
कुठून नाही गं, कुठे ते विचार.
आणि कुठे ते त्यालाही सांगता येईना.

गलबताच्या कप्तानानं नकाशा पसरला.
बोट ठेवलं. बोट कसलं, अंगठा,
डांबरानं काळा, त्याखाली
तीन बेटं झाकून गेली.
यांतलं एक, म्हणाला. वारा ठरवेल.
देव ठरवेल, पेनिआमिना म्हणाला.
मी अंगठ्याकडे बघत राहिले.

आमच्या आधी दोन जोडपी गेली होती.
एकाचं पत्र आलं, दीड वर्षानं.
त्यात तापाबद्दल होतं,
आणि शेवटी एक ओळ:
पांढरी वाळू आहे, काही रुजत नाही.
दुसऱ्यांचं काहीच आलं नाही.

सामान ठरलेलं: शास्त्राची पुस्तकं, पाट्या,
दिवा, एक चटई.
त्यात अळू नव्हतं.
मी सात अळकुड्या उचलल्या,
आईच्या जुन्या सालीच्या कापडात
ओल्या गुंडाळल्या, पुस्तकांखाली दडवल्या.
हे तुला ठाऊक असेलच.
कबुली देत नाही, नुसतं सांगते.

उपोलूचा डोंगर संध्याकाळी बुडाला.
आधी नारळी, मग चुन्यानं रंगवलेलं प्रार्थनाघर,
मग नुसता ढग, जो तिथं नेहमीच असतो.
वाटलं होतं, मी रडेन.
पण गलबत कलत होतं
आणि मी सांडू नये म्हणून
दोन्ही हातांनी भांडं धरून बसले होते.

अकराव्या दिवशी वारा पडला.
पान हलेना म्हणावं, तर पानही नाही कुठे.
नुसतं पाणी, आणि पिण्याजोगं नाही.
कप्तानानं पिंपात काठी बुडवून पाहिली.
माणशी एक पेला, म्हणाला,
आणि काठी पुसली नाही, चाटली.

चौदाव्या रात्री पेनिआमिना उठून बसला.
सिएनी, मला तो आवाज आठवत नाही.
जाड होता की बारीक?
आपल्या बोलीत होता का?
की भरतीच होती, आणि मीच...
अंधारात त्याचा हात सापडेना.
सापडला तेव्हा गार होता.

मला चिडता आलं असतं.
ज्या कानाच्या भरवशावर मी घर सोडलं
तो कानच आता शपथ घ्यायला तयार नाही!

बोलले नाही. पुस्तकं बाजूला केली,
कापड उलगडलं.
दोन कुजल्या होत्या, वासावरून कळलं.
उरलेल्या पाचांवर
माझ्या वाटणीचा अर्धा पेला
बोटांनी थेंब थेंब सोडला,
तान्ह्याला पाजावं तसा.

वेडी आहेस. तिथं नुसती वाळू असेल.
असेल, मी म्हटलं.
ओठ फुटलेत तुझे.
फुटलेत.
बराच वेळ गेला. दोर करकरत होते.
मग त्यानं काही न बोलता
आपला पेला माझ्याकडे सरकवला.

देवा, हाक त्याला आली, ओ मी देतेय.
तुझ्या हिशेबात हे बसतं का, बघ.
अजून तू माझ्याशी बोलला नाहीस.
वारा नाही. पक्षी नाही. शीड लोंबतंय.
सकाळी पाणी वाटतील
तेव्हा मी भांडं घेऊन उभी असेन.
अर्धं मला.
अर्धं त्या पाचांना.
त्या कुठे लावायच्या
ते तू बघ.